गाडीच्या दारातला तंबोरा

दाराचं आतलं कव्हर ओट्यावर उताणं पडलं होतं. ड्रायव्हरच्या बाजूची काच अर्धी खाली होती, आणि ती आणखी घसरू नये म्हणून तिला लाकडाची पाचर ठोकली होती. दाराच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून अण्णा उकिडवे बसले होते. सकाळचे पावणेनऊ झाले होते आणि साडेनऊला मला शिरोळला पंचायत समितीच्या बैठकीत पोचायचं होतं.

“पाच मिनिटं,” अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, काल संध्याकाळी तर सगळं बसवून झालं होतं. ते म्हणाले, झालं होतं, पण सकाळी ऐकलं तर दबलेलंच वाटलं. म्हणून परत खोललं.

मी पर्स बॉनेटवर ठेवली आणि थांबले. पाच मिनिटांची पंधरा झाली. मग त्यांनी दारातून हात बाहेर काढला, हातातल्या स्क्रूकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं की याचा जोडीदार आत पडलाय, तो काढल्याशिवाय दार लावलं तर काच फुटेल. मी पर्स उचलली, चौकात जाऊन एसटी पकडली आणि बैठकीला चाळीस मिनिटं उशिरा पोचले. गटविकास अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “म्हेत्रे मॅडम, गाडी असून उशीर?” गाडीच्या दारात वडील बसलेत, हे मला सांगता आलं नाही.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा विस्तार अधिकारी होते. तालुक्यातल्या गावोगावच्या ग्रामपंचायती फिरायच्या, म्हणून एक जुनी छोटी गाडी घेतली होती. लग्न मोडून माहेरी परत आल्याला चार वर्षं झाली होती. आई त्याआधीच गेलेली. इचलकरंजीतल्या त्या तीन खोल्यांत मी आणि अण्णा, दोघंच.

अण्णांचा ‘म्हेत्रे लाऊडस्पीकर’ हा धंदा. चाळीस वर्षं त्यांनी लग्नं, उरूस, सभा, भजनं, सगळ्याला आवाज पुरवला. त्यांच्या कानाची गावात ख्याती होती. मंडपात शिरल्या शिरल्या ते सांगायचे, उजवीकडच्या तिसऱ्या बॉक्समधला पडदा फाटलाय. उघडून बघितलं तर फाटलेला निघायचा. पुढे डीजेच्या भिंती आल्या तसं त्यांनी एकेक काम सोडून दिलं. एकच ठेवलं. गावातल्या संगीत मंडळाची जानेवारीतली सकाळची मैफल. तिथं तीस वर्षं मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माईकांचे आवाज कमीजास्त करायच्या पेटीवर, तेच बसत. त्या वर्षीची मैफल बारा दिवसांवर आली होती, आणि माणूस गाडीच्या दारात अडकला होता.

सुरुवात एका रविवारी झाली. मला बाजारातून भाजी आणायची होती, अण्णा सोबत आले. गाडीत त्यांनी आपल्याकडची एक सीडी लावली. आधीच्या कुठल्यातरी मैफलीचं रेकॉर्डिंग होतं ते. गाणं सुरू व्हायच्या आधीचा नुसता तंबोरा. दोन मिनिटं ऐकून ते म्हणाले, “यात जवारी नाही.”

तंबोऱ्याची तार छेडली की नुसता सूर येत नाही, त्याच्याभोवती एक झणझणीत, पसरत जाणारा नाद येतो. त्याला जवारी म्हणतात. हे मला अण्णांमुळे शब्दापुरतं माहीत होतं. गाण्यातलं मला काही कळत नाही. मी म्हटलं, मला बातम्या ऐकू येतात, तेवढं पुरे. पण त्यांच्या डोक्यात ते बसलं. दाराचे स्पीकर टाकाऊ आहेत, कागदाचे आहेत, मी बदलून देतो.

नवे आणा म्हटलं तर नवे आणायचे नाहीत. नव्यात जीव नसतो म्हणे. ते भंगाराच्या दुकानातून कुणाच्या तरी मोडलेल्या म्युझिक सिस्टिमचे स्पीकर घेऊन आले. त्यांचं मॅग्नेट एवढं जाड की काच खाली घेतली की त्यावर आपटायची. मग स्पीकर पुढे आणायला प्लायवूडच्या रिंगा कापल्या. रिंगा बसल्या तर दाराचं कव्हर बसेना, म्हणून कव्हर कापलं. चार दिवस मी काच खाली करायची नाही या अटीवर गाडी चालवली. मग त्यांना तोही आवाज दबलेला वाटला. मग अपघातात चेपलेल्या एका भारी गाडीचे स्पीकर आले. त्यांच्याबरोबर ट्वीटर होते, म्हणजे वरचा बारीक आवाज काढणारे बोराएवढे छोटे स्पीकर. एक या दारात, एक त्या दारात.

ते बसवले तेव्हा मला वाटलं, सुटले. आवाज खरंच छान झाला होता. अण्णांनी सीडी लावली, डोळे मिटले, आणि मान हलवली. “अजून बंदच आहे गं.”

तिथून पुढे त्यांनी आपल्या मंडपाच्या जुन्या बॉक्समधले ट्वीटर काढायला सुरुवात केली. एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. प्रत्येक वेळी दार उघडायचं, फ्यूज उडायचा, माझी हजेरी चुकायची. आमच्या ऑफिसातल्या नलवडे मॅडम एकदा माझ्याबरोबर नांदणीपर्यंत आल्या. मी रेडिओ लावला, तशी त्यांनी पदर कानावर घेतला आणि म्हणाल्या, बंद करता का, दाताला लागतंय.

त्या दिवशी बैठकीहून मी परत आले तेव्हा अण्णा ओट्यावर हात पुसत उभे होते. दार जागेवर होतं. स्क्रू सापडला होता. मला म्हणाले, “बस आणि ऐक. आता बोल.”

मी बसले. त्यांनी सीडी लावली. स्टीलच्या ताटावर कुणी चाकू ओढत नेतोय असा आवाज आला. मी दोन्ही कान झाकले. तंबोरा नव्हताच तो, कानात शिरून घोंगावणारा माशांचा थवा होता. अण्णा शेजारच्या सीटवर पुढे वाकून, डोकं तिरपं धरून ऐकत होते. त्यांनी हात पुढे करून आवाज आणखी वाढवला.

“अण्णा, कान फाटले माझे.”

“जरा बरं आहे. पण अजून दबलेलंच आहे.”

तिथं माझा तोल गेला. मी बटण बंद केलं आणि मनात होतं ते सगळं बोलले. तुम्हाला उद्योग नाही म्हणून माझी नोकरी का धोक्यात घालता, ही गाडी तुमच्या भंगाराचं कपाट नाही, उद्या मी दुकानात नेऊन सगळं काढून टाकणार आहे. ते उतरले, दार हळूच लावलं, आणि पक्कड, सोल्डरगन, वायरींचे तुकडे गोळा करायला लागले. मला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन मी रफिक नदाफांकडे गेले. गाड्यांच्या सीटकव्हरपासून स्टिरिओपर्यंत सगळं ते करत. पन्नाशीचे गृहस्थ. पूर्वी दहा वर्षं त्यांनी अण्णांबरोबर मंडपात वायरी ओढल्या होत्या. मी म्हटलं, भाई, हे सगळं काढा आणि साधे स्पीकर बसवा.

नदाफ आत बसले, सीडी सुरू केली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेऊन बंद केली. मग त्यांनी दाराचं कव्हर काढलं आणि बराच वेळ आत टॉर्च मारून बघत राहिले.

“ताई, इकडे या. हे काम बघा.”

प्लायवूडच्या रिंगांना पावसाचं पाणी लागू नये म्हणून व्हार्निशचे तीन हात दिलेले होते. पत्रा थरथरू नये म्हणून आतून स्पंज चिकटवलेला. वायर जिथून जाते त्या भोकाला रबर. वायरींचा एकेक सांधा मण्यासारखा गोल. नदाफ म्हणाले, कंपनीत असं होत नाही.

“मग आवाज असा का?” मी विचारलं.

त्यांनी टॉर्च बंद केला, खिशात ठेवला. मग मला विचारलं की मागच्या वर्षी मी मैफलीला होते का. मी नव्हते. ते होते, मागच्या रांगेत. मध्ये दहा-बारा मिनिटं माईकची शिट्टी वाजत होती, एकदम बारीक. लोक कानाला हात लावत होते. गवयानं दोनदा वळून बघितलं.

“अण्णा मिक्सरपाशीच होते, ताई. त्यांनी हात हलवला नाही. मला वाटलं तब्येत बरी नसेल.” ते दाराकडे बघत म्हणाले, “राग मानू नका. एवढे ट्वीटर कोण लावील? ज्याला वरचं ऐकूच येत नाही, तो.”

मी तिथं स्टुलावर बसून राहिले. आमच्या गावात गल्लोगल्ली यंत्रमाग चालतात. अर्धं गाव मोठ्यानं बोलतं, आणि समोरच्यानं दोनदा विचारलं तर कुणाला नवल वाटत नाही. मी चार वर्षं त्या माणसाशी एका घरात राहत होते. मी हाक मारली की ते ओ देत. म्हटलं, कान शाबूत आहे.

नदाफांना मी सांगितलं, कव्हर लावून टाका, काही काढू नका.

घरी आले तेव्हा अण्णा जेवायला थांबले होते. वाटेत मी ठरवलं होतं की हळूच विषय काढायचा. पण ताट समोर आलं आणि माझ्या तोंडून सरळच निघालं.

“अण्णा, तुम्हाला ऐकू येत नाही.”

“येतं की. तू काय म्हणालीस ते ऐकलं.”

“बारीक आवाज येत नाही.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला. “माहीत आहे,” ते म्हणाले.

किती दिवस, असं मी विचारलं. दोन वर्षं तरी झाली, ते म्हणाले. आधी चिमण्या गेल्या. पेपरात येत होतंच की गावातल्या चिमण्या कमी झाल्या, म्हणून वर्षभर त्यांना तेच खरं वाटलं. मग एक दिवस खिडकीत चिमणी बसलेली दिसली, चोच उघडत होती, मिटत होती. आवाज नव्हता.

मी हातातला घास खाली ठेवला. दोन वर्षं गप्प का बसलात, डॉक्टरकडे का गेला नाहीत, आणि हे माहीत होतं तर माझी गाडी का फोडत बसलात, असं सगळं मी एका दमात विचारलं.

“गाडीत काचा वर केल्या की आत आपण एकटं असतो,” अण्णा म्हणाले. “मला वाटायचं, कान गेला असेल निम्मा, पण निम्मा दोष स्पीकरचा असेल. एखादा तर असा सापडेल ज्यातनं जवारी येईल. एकदा आली असती तर कळलं असतं, किती उरलंय.”

मी चिडले. म्हटलं, मगदूम सरांना आजच्या आज फोन करा, मैफल जमणार नाही म्हणून सांगा. मगदूम सर मंडळाचे सेक्रेटरी. अण्णा म्हणाले, या वर्षी धारवाडच्या सरोजाबाई गाणार आहेत, ऐंशीच्या पुढच्या आहेत, त्यांचं तेवढं होऊ दे. मागच्या वर्षी शिट्टी वाजली ती वाजली. तसं करून सोडायचं नाही.

“आणि परत वाजली तर?”

“तू शेजारी बस. वाजली की सांग.”

मी साफ नाही म्हटलं. तुमची फजिती बघायला मी मिक्सरपाशी बसणार नाही, असंही म्हटलं. मग ताटं उचलली, भांडी घासली, आणि परत येऊन विचारलं की सांगायचं म्हणजे नेमकं कसं सांगायचं.

पुढचे दहा दिवस रोज ऑफिसातून आल्यावर आमची शिकवणी चालायची. अंगणात एक बॉक्स, एक माईक. अण्णा मुद्दाम माईक बॉक्सजवळ न्यायचे, शिट्टी वाजायची आणि मी सांगायचं कशी आहे.

“चीं,” मी म्हणायचे.

“चीं म्हणजे सुईसारखी का पितळी?”

“मला काय माहीत. चीं म्हणजे चीं.”

“किटलीची का पोलिसाची?”

शेजारचे लोक गच्चीवरून बघायचे. दोनदा मी माईक ठेवून आत निघून गेले. तिसऱ्या दिवशी मला किटलीची आणि पोलिसाची यातला फरक ऐकू यायला लागला, आणि त्याचाही मला वैताग आला, कारण मग सगळीकडे तेच ऐकू येऊ लागलं. शेवटी खुणा ठरल्या. सुईसारखी शिट्टी आली तर त्यांच्या मनगटावर माझं एक बोट. पितळी आली तर दोन. खालचा घुमारा वाढला तर मूठ. शब्द कर्कश झाले तर चिमटा. मिक्सरवरचा कुठला सरकता खटका किती खाली घ्यायचा हे त्यांच्या हातांना पाठ होतं, फक्त कोणता ते मी सांगायचं.

मैफलीच्या सकाळी सात वाजता हॉल भरला होता. मिक्सर उजव्या कडेला, पहिल्या रांगेला लागून. मी अण्णांच्या डावीकडे बसले. सरोजाबाई दोघींच्या आधारानं मंचावर चढल्या, बसल्या, माईककडे बघून हसल्या. मागे दोन तंबोरे.

पहिल्या पाच मिनिटांतच शिट्टी आली. सुईसारखी, अगदी बारीक. आणखी कुणाला कळायच्या आत मी बोट टेकवलं. अण्णांनी एक खटका केसभर खाली घेतला. गेली. मला एकदम हसू आलं, ते मी दाबलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते मिक्सरकडे बघतच नाहीयेत. ते पहिल्या रांगेतल्या लोकांकडे बघत होते, एकेकाच्या भुवयांकडे, कपाळाकडे. दोन वर्षं ते असेच ऐकत आले होते. आणि मागच्या वर्षी शिट्टी वाजली त्या दहा-बारा मिनिटांत समोरच्या लोकांनी कानाला हात लावलेले त्यांना दिसले असणारच. दिसले असतील, आणि नेमका कुठला खटका खाली घ्यायचा हे कळलं नसेल. एवढ्या लोकांसमोर ते तसेच बसून राहिले असतील. दहा मिनिटं फार मोठी असतात.

अर्ध्या तासात मी तीनदा बोट टेकवलं, एकदा मूठ. मग एक ख्याल संपला आणि सरोजाबाईंनी आमच्या बाजूला बघून हातानं खूण केली. तंबोरा वाढवा.

अण्णांनी तंबोऱ्याचा खटका थोडा वर नेला. माझ्याकडे बघितलं. आणखी थोडा वर नेला. परत माझ्याकडे बघितलं.

आणि मी गोंधळले. बिघाडाच्या सगळ्या खुणा आम्ही ठरवल्या होत्या. बरोबर झालं तर काय करायचं, ते ठरवलंच नव्हतं.

मी ऐकायला लागले. आधी नुसते दोन सूर होते, सावकाश, एकामागून एक. अण्णांनी खटका आणखी एक केस वर नेला. आणि त्या सुरांच्या आतून काहीतरी उलगडलं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब फुटून पसरावा तसं, पण थांबतच नव्हतं, हॉलभर पसरत चाललं होतं. तीन आठवडे ज्याच्यासाठी माझ्या गाडीचं दार सोलून निघालं होतं, ते हे. मला पहिल्यांदाच ऐकू येत होतं. आणि ज्यानं ते आणलं त्याला येत नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी माझा पूर्ण पंजा त्यांच्या हातावर ठेवला आणि दाबला.

अण्णांनी खटक्यावरून बोट काढलं. मग पुढे शेवटपर्यंत त्यांनी त्याला हात लावला नाही.

मैफल संपल्यावर मगदूम सर हात जोडत आले. सरोजाबाईंनी निरोप पाठवला होता की किती वर्षांनी तंबोरा असा कानावर आला. मी मनात म्हटलं, झालं, निभावलं, आता कुणाला काही कळायचं कारण नाही. तेवढ्यात अण्णा म्हणाले, “सर, मी नाही ऐकलं. हिनं ऐकलं.”

सरांना वाटलं ते लेकीचं कौतुक करताहेत. ते हसले. अण्णांनी परत सांगितलं, हॉलात माणसं उभी असताना, स्पष्ट. “मला वरचं ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मागच्या वर्षीची शिट्टी माझ्यामुळं. पुढच्या वर्षी रफिक नदाफला बोलवा, त्याचा कान चांगला आहे.”

मगदूम सरांनी अण्णांचा हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला, आणि कुणीतरी बोलावलं म्हणून गेले.

मी भयंकर चिडले. दहा दिवस मी अंगणात चीं-चीं करत काढले ते हे लपवायला, आणि या माणसानं ते हॉलच्या मध्यभागी मांडलं. अण्णा खाली बसून वायरी गुंडाळत होते. प्रत्येक वायर हाताच्या अंगठ्याभोवती आणि कोपराभोवती, सारखे वेढे. मी घेते म्हटलं तर नको म्हणाले, वायरीला पीळ पडतो. हॉल रिकामा झाला, सतरंज्या उचलल्या गेल्या, चहाची भांडी गेली. माझ्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, सांगायची काय गरज होती?

त्यांनी शेवटची वायर पेटीत ठेवली, पेटीची कडी लावली.

“उद्या तुला ऑफिसातनं लवकर निघता येईल का?” ते म्हणाले. “मिरजेत कानाचा डॉक्टर आहे म्हणतात. तो काय सांगेल ते मला एकट्याला नीट ऐकू येईल की नाही, भरवसा नाही.”

मी म्हटलं, येईल निघता. मग पेटीची एक बाजू मी उचलली, एक त्यांनी, आणि मी चालताना त्यांना दोनदा रागावले, पेटी तिरकी धरू नका म्हणून.